हौशी क्रीडासंघटनेतील ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा गौरव : महाराष्ट्रातील कबड्डी संघटनेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडाविषयक इतिहासलेखनात खेळाडू, सामने व विक्रम यांना प्राधान्याने स्थान मिळते. परंतु कोणताही खेळ केवळ खेळाडूंच्या बळावर टिकत नाही. मैदान मिळविणे, त्यावर फक्की मारणे, पंच नेमणे, बाहेरगावच्या संघांच्या निवासाची व भोजनाची सोय करणे, नोंदवही ठेवणे आणि नियमांवरून उद्भवणारे वाद मिटविणे ही कामे वर्षानुवर्षे विनामोबदला करणारा एक वर्ग प्रत्येक खेळामागे उभा असतो. मराठीत त्याला 'कार्यकर्ता' किंवा 'संघटक' असे म्हटले जाते. या वर्गाला वेतन नसते, निवृत्तिवेतनही नसते. त्याच्या वाट्याला येतो तो समाजाने केलेला गौरव. या गौरवाची रूपे कोणती, त्यामागील परंपरा कोणती आणि गौरव व सत्ता यांतील सीमारेषा पुसली गेली असता काय घडते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात कबड्डी या खेळाच्या संदर्भात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) 'हौशी' या संकल्पनेचा महाराष्ट्रातील देशी खेळांच्या संदर्भातील अर्थ स्पष्ट करणे.
२) कबड्डी संघटनेच्या जडणघडणीतील दीर्घकालीन कार्यकर्त्यांच्या भूमिकेचा आढावा घेणे.
३) कार्यकर्त्यांच्या गौरवाच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा करणे.
४) जिल्हा पातळीवरील क्रीडा-इतिहासाच्या नोंदीची आवश्यकता अधोरेखित करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

'हौशी' संकल्पनेचे दोन अर्थ :

'हौशी खेळ' ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी राजवटीबरोबर आली. गोल्फ हे त्याचे ठळक उदाहरण होय. इ.स. १८२९ मध्ये कलकत्त्यात गोल्फ क्लब स्थापन झाला व १८४२ मध्ये मुंबईत. हौशी गोल्फपटूंची अखिल भारतीय स्पर्धा १८९२ पासून सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये इंडियन गोल्फ युनियनची स्थापना झाली. या परंपरेत हौशी म्हणजे ज्याला खेळातून पैसा मिळविण्याची गरज नाही असा सुस्थित गृहस्थ. हौशीपणा हे तेथे सामाजिक प्रतिष्ठेचे लक्षण होते आणि खेळावर पोट भरणारा व्यावसायिक त्याहून कनिष्ठ मानला जात असे.

महाराष्ट्रातील देशी खेळांच्या मैदानावर मात्र या शब्दाने निराळा अर्थ धारण केला. येथील हौशी माणूस सुस्थित असेलच असे नव्हते. मुंबईच्या गिरणगावात लालबाग-परळच्या चाळींतून हुतुतूचे संघ उभे राहिले, ते कामगारांच्या मुलांचे होते. ग्रामीण भागात शाळेतील शिक्षक, तलाठी, सोसायटीचा सचिव वा तालमीचा वस्ताद हा संघटनेचा आधार होता. त्याच्या हौशीपणाचा अर्थ पैशाची गरज नसणे असा नव्हता. गरज असूनही न घेणे, प्रसंगी पदरमोड करणे असा होता. गौरवाच्या प्रश्नाचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करून चालत नाही. सुस्थित गृहस्थाच्या बाबतीत गौरव हा प्रतिष्ठेत पडलेली भर असतो. पदरमोड करणाऱ्या कार्यकर्त्याच्या बाबतीत तो जवळजवळ एकमेव परतफेड असतो.

कबड्डी संघटनेची जडणघडण :

महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडुडू, दक्षिणेत चेडुगुडू अशा निरनिराळ्या नावांनी हा खेळ खेळला जात असे. प्रांतागणिक, किंबहुना गावागणिक नियम वेगळे होते. त्यात एकसूत्रीपणा आणण्याचे काम प्रथम महाराष्ट्रात झाले. १९१८ च्या सुमारास नियमांची आखणी झाली आणि १९२३ मध्ये ते छापील स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी या नियमांनुसार बडोदे येथे अखिल भारतीय स्पर्धा भरविण्यात आली. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम व खेळ यांची प्रात्यक्षिके सादर केली. १९३८ मध्ये कलकत्ता येथील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ अस्तित्वात आला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे व महिलांची १९५५ मध्ये कलकत्ता येथे झाली. पुढे १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. १९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन होऊन १९८० मध्ये पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० च्या बीजिंग स्पर्धांत हा खेळ पदकाच्या क्रीडाप्रकारांत समाविष्ट होऊन भारताने सुवर्णपदक मिळविले.

या कालपटाकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. नियमांची पहिली आखणी ते आशियाई पदक हे अंतर सुमारे ७२ वर्षांचे आहे. इतक्या दीर्घ काळात खेळाडूंच्या कितीतरी पिढ्या बदलल्या. कबड्डीपटूची मैदानावरील कारकीर्द फार तर दहा-पंधरा वर्षांची असते. या पिढ्यांना जोडणारा दुवा संघटकांचाच होता. 'हौशी' हे विशेषण राष्ट्रीय व आशियाई अशा दोन्ही महासंघांच्या नावात जाणीवपूर्वक ठेवले गेले, यावरून संघटनेची स्वतःविषयीची धारणाही स्पष्ट होते.

बुवा साळवी व 'कबड्डी दिन' :

या संघटकांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे स्थान अग्रगण्य आहे. राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ आणि आशियाई पातळीवरील विस्तार या तिन्ही टप्प्यांवर त्यांचे कार्य होते. महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमी त्यांचा उल्लेख 'कबड्डीमहर्षी' असा करतात. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशन 'कबड्डी दिन' म्हणून साजरा करते. या दिवशी गुणवंत खेळाडूंबरोबरच ज्येष्ठ खेळाडू, पंच व कार्यकर्ते यांचाही सन्मान केला जातो.

या प्रथेचे वैशिष्ट्य असे की, एका संघटकाचा जन्मदिवस हा इतर अनेकांच्या गौरवाचे निमित्त बनला आहे. एका व्यक्तीची पूजा करून ती थांबत नाही. ज्या पंचाचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच छापून आले, त्यालाही त्या व्यासपीठावर स्थान मिळते.

खो-खोच्या क्षेत्रातही असाच मार्ग अनुसरलेला दिसतो. भाई नेरूरकर या संघटकाच्या नावाने राज्यस्तरीय चषक स्पर्धा भरविली जाते. खो-खोतील सर्वोत्कृष्ट खेळाडूंच्या राष्ट्रीय पुरस्कारांना एकलव्य, राणी लक्ष्मीबाई, वीर अभिमन्यू अशी पुराणातील व इतिहासातील नावे आहेत. संघटकाचे नाव मात्र स्पर्धेला दिले जाते. खेळाडूला आदर्श द्यायचा तर तो पराक्रमी वीराचा, आणि संघटकाचे स्मरण करायचे तर त्याचेच काम पुढे चालवून, असा या नामकरणामागील संकेत सांगता येईल.

गौरवाच्या प्रचलित पद्धती :

मराठी समाजात गौरवाची परंपरा समृद्ध आहे. शाल-श्रीफळ, मानपत्र, एकसष्टी, अमृतमहोत्सव, सत्कार समिती, गौरवग्रंथ ही तिची परिचित रूपे होत. शासकीय पातळीवर शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कारांत खेळाडूंबरोबर मार्गदर्शक व जीवनगौरव यांचाही समावेश आहे. केंद्र शासनाने अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू केला. कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना मिळाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये आला. खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंत पोचण्यास राष्ट्रीय सन्मानाला २४ वर्षे लागली. निव्वळ संघटन करणाऱ्या माणसाचा विचार त्याहूनही मागे राहिला.

मानपत्रांची भाषा हाही चिकित्सेचा विषय आहे. 'निरपेक्ष सेवा', 'अखंड व्रत', 'चंदनाप्रमाणे झिजणे' ही शब्दयोजना इतकी रूढ झाली आहे की, एका कार्यकर्त्याचे मानपत्र नाव बदलून दुसऱ्याला देता येईल. त्याने किती स्पर्धांचे संयोजन केले, कोणत्या वर्षी संघटनेची घटना तयार केली, मुलींचा पहिला संघ केव्हा उभा केला, यांपैकी काहीही त्यात आढळत नाही. परिणामी सत्कार होतो, परंतु कार्याची नोंद होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने असे मानपत्र भावनेचे साधन ठरते. माहितीचे साधन ठरत नाही.

गौरव आणि सत्ता :

गौरवाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. दीर्घकाळ पदावर राहिलेल्या व्यक्तीचा सन्मान करताना तिला पदच बहाल करण्याची प्रवृत्ती भारतीय क्रीडासंघटनांत वारंवार दिसून आली आहे. केंद्र शासनाने १९७५ सालीच पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळावर मर्यादा घालणाऱ्या सूचना काढल्या होत्या. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेत वय व कार्यकाळ यांच्या मर्यादा पुन्हा स्पष्ट करण्यात आल्या.

कबड्डीच्या क्षेत्रात याची कसोटी लागली. जनार्दनसिंह गेहलोत हे १९८४ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे सुमारे तीन दशके, भारतीय हौशी कबड्डी महासंघाचे अध्यक्ष होते. त्यानंतर महासंघाने त्यांना 'आजीव अध्यक्ष' केले व अध्यक्षपदी त्यांच्या पत्नीची निवड झाली. माजी खेळाडूंनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या दोन्ही नियुक्त्या रद्द ठरविल्या व महासंघावर प्रशासक नेमला. प्रशासकीय राजवट सहा वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे कारभार सोपविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला.

या घटनेचा विचार एकांगी करून चालणार नाही. गेहलोत यांच्याच कारकिर्दीत कबड्डीला आशियाई स्पर्धांत स्थान मिळाले आणि आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, हेही इतिहासाला नमूद करावे लागते. कार्य मोठे होते म्हणून न्यायालयाचा निर्णय चुकीचा ठरत नाही आणि निर्णय प्रतिकूल गेला म्हणून कार्य पुसले जात नाही. येथे झालेला घोटाळा संकल्पनेचा आहे. गौरव हा झालेल्या कार्याचा असतो. पद हे करावयाच्या कार्यासाठी असते. पहिला आजन्म टिकावा, दुसरे मुदतीत संपावे. 'आजीव अध्यक्ष' या पदाने या दोहोंची गल्लत केली. कबड्डी दिनाच्या प्रथेत मात्र हा भेद सहजपणे पाळला गेला आहे, कारण तेथे स्मरण आहे, अधिकार नाही.

व्यावसायिक युगातील हौशी कार्यकर्ता :

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यानंतर खेळाचे अर्थकारण पालटले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची बोली लागली. खेळाडूच्या कष्टाचे मोल झाले ही स्वागतार्ह गोष्ट होय. अनेक खेळाडू ग्रामीण व अल्पउत्पन्न कुटुंबांतून आलेले असल्याने या बदलाचे सामाजिक महत्त्वही मोठे आहे.

तथापि या बदलाने एक विसंगती निर्माण केली. मॅटवर खेळणारा खेळाडू व्यावसायिक झाला, परंतु गावातील मातीच्या मैदानावर त्याला पहिली चढाई शिकविणारा आणि त्याला जिल्हा निवड चाचणीला घेऊन जाणारा कार्यकर्ता हौशीच राहिला. आजच्या कबड्डीत 'हौशी' हा शब्द खऱ्या अर्थाने उरला असेल तर तो या कार्यकर्त्यापुरता. म्हणून त्याच्या गौरवाचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. क्रीडासंघटनांची रचना जिल्हा हा घटक मानून केलेली असल्याने नवा जिल्हा म्हणजे खेळाडूंना राज्य स्पर्धेत उतरण्याचे नवे दार असते. त्याबरोबरच या भूभागाचा १९९८ पूर्वीचा क्रीडा-इतिहास धुळे जिल्ह्याच्या, आणि त्याही आधीचा पश्चिम खानदेशाच्या नावाखाली विखुरला गेला. शहादा तालुक्यातील म्हसावदसारख्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील मैदानांचा इतिहास कोणत्याही एका दप्तरात सापडणे त्यामुळे कठीण आहे. तो वृद्ध कार्यकर्त्यांच्या स्मरणात, जुन्या गुणपत्रिकांत, संघांच्या छायाचित्रांत आणि बक्षिसाच्या ढालींवर कोरलेल्या सालांत आहे. ही साधने नाशवंत आहेत. कार्यकर्ता गेला की त्याच्या पेटीतील कागद बहुधा रद्दीत जातात.

या ठिकाणी महाविद्यालयीन प्राध्यापकांची जबाबदारी सुरू होते. इतिहास विभाग व शारीरिक शिक्षण विभाग यांनी एकत्र येऊन तालुक्यातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्याकडील कागदपत्रांच्या प्रती ग्रंथालयात जतन केल्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्पासाठी दिला, तर अल्प खर्चात मोठे कार्य होऊ शकेल.

निष्कर्ष :

१) देशी खेळांच्या संदर्भात 'हौशी' या संज्ञेचा अर्थ पदरमोड करून केलेली सेवा असा आहे, गोल्फसारख्या खेळांतील सुस्थित गृहस्थाच्या हौशीपणाहून तो भिन्न आहे.
२) कबड्डीच्या शतकभराच्या वाटचालीतील सातत्य प्रामुख्याने दीर्घकालीन संघटकांनी राखले.
३) गौरव व पद यांत स्पष्ट भेद राखणे संघटनेच्या हिताचे असते. 'कबड्डी दिन' हे त्याचे अनुकरणीय, तर 'आजीव अध्यक्ष' हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.
४) रूढ मानपत्रांतून कार्याची नोंद होत नाही. प्रत्येक सत्कारासोबत सत्कारमूर्तीच्या कार्याचा सालवार वृत्तांत तयार होणे आवश्यक आहे.
५) नव्याने निर्माण झालेल्या जिल्ह्यांत क्रीडा-इतिहासाच्या मौखिक साधनांचे संकलन तातडीने हाती घेतले पाहिजे.

शाल जीर्ण होते व श्रीफळ प्रसाद म्हणून वाटले जाते. कार्यकर्त्याच्या हयातीत त्याच्याच तोंडून ऐकून, तपासून लिहिलेला वृत्तांत मात्र पुढील पिढीच्या हाती राहतो. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे गुण लिहिले, त्यांच्या कार्याचीही नोंद कोणीतरी लिहून ठेवावी, एवढीच अपेक्षा या अभ्यासाच्या अखेरीस व्यक्त करावीशी वाटते.