मोर्तब आणि परवली

आजच्या एखाद्या कारखान्यात, पेढीत अथवा बँकेत नवा कारकून रुजू झाला म्हणजे त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा पडत नाही. त्याला एक नाव आणि परवलीचा एक शब्द मिळतो, आणि त्या नावामागे संगणकात अशी एक अदृश्य सनद लिहिलेली असते की, या गृहस्थाने खरेदीची मागणी लिहावी पण ती मंजूर करू नये, पुरवठादाराचे बिल नोंदवावे पण त्याची रक्कम अदा करू नये, आणि इतरांच्या पगाराचे पत्रक तर उघडूच नये. या व्यवस्थेला त्या क्षेत्रातील लोक ‘रोल’ आणि ‘परमिशन’ म्हणतात. शब्द नवे आहेत. परंतु हुकूम देणारा, तो लिहिणारा, पैसा मोजणारा आणि हिशेब तपासणारा हे चौघे एकाच देहात वास करू लागले म्हणजे दौलतीचा घात होतो, ही जाणीव फार जुनी आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिचा इतिहास आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांशीच सुरू होतो.

शिवछत्रपतींच्या राज्याचा आधार किल्ले, आणि किल्ला शत्रूच्या हाती जाण्याचे कारण पुष्कळदा तोफेपेक्षा फितुरी. म्हणून एकाही किल्ल्याचा संपूर्ण अधिकार एका माणसाकडे ठेवला जात नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सायंकाळी दरवाजे बंद करविणे आणि प्रातःकाळी उघडविणे हे त्याचे काम. सरनोबताकडे शिबंदी आणि पहारा. सबनिसाकडे हजेरी व लिखापढी. कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि सामानसुमान. यांपैकी हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एकाच प्रतीचे असावेत आणि त्यांनी एकविचारे कारभार करावा, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती पहारा नाही, आणि ज्याच्या हाती पहारा त्याच्या हाती कोठार नाही. सबब एक जण फितला तरी किल्ला फितत नसे.

हेच तत्त्व पुढे कागदावर उतरले. १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्या वेळच्या कानूजाबत्याने अष्टप्रधानांपैकी प्रत्येकाने काय करावे हे तर सांगितलेच, शिवाय राजपत्रावर कोणी शिक्का करावा आणि कोणी निशाण करावे हेही ठरवून दिले. एका हाताने मजकूर लिहावा, दुसऱ्याने त्यातील अधिकउणे शोधावे, तिसऱ्याने नोंद करावी, आणि हे सर्व झाल्यावर शेवटी मोर्तब व्हावे, असा तो क्रम होता. ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असलेली ती लहानशी मुद्रा पत्राच्या अखेरीस उमटे आणि येथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी ओळ वाढवील तर ती खोटी, असे जाहीर करी. अधिकाराची व्याख्या ही मुळात मर्यादेची व्याख्या असते, हे त्या दोन शब्दांत आले आहे.

पेशवाईत या व्यवस्थेचा पूर्ण विस्तार झाला तो दरकदारांच्या, म्हणजे ठराविक कामाचे पद (दरक) सांभाळणाऱ्यांच्या, रूपाने. सुभ्यावर किंवा परगण्यावर मामलेदार नेमला जाई खरा. पण त्याच्या भोवती दरकदारांचे एक वर्तुळ असे, आणि या वर्तुळाबाहेर त्याचा हात पोहोचत नसे. त्याच्या पत्रांवर आणि हुकमांवर दिवाणाने निशाण करावे. मुजुमदाराने कागद आणि हिशेब पसंत करावेत, तेव्हा ते फडणिसाकडे जावेत. फडणिसाने प्रत्येक हुकमावर तारीख घालावी, रोजकीर्द राखावी आणि पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात. दफ्तरदाराने त्या कीर्दीवरून खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरास धाडावा. पोतनिसाने जमा आणि शिल्लक सांभाळावी. पोतदारांनी नाणे पारखावे. चिटणिसाने पत्रव्यवहार पाहावा. वर्षअखेर फडणीस वह्या घेऊन हुजूर दफ्तरात जाई, आणि दोनशेहून अधिक कारकुनांच्या त्या विशाल कचेरीत परगण्याची कीर्द पुन्हा ताडून पाहिली जाई. मामलेदाराला या दरकदारांना बडतर्फ करण्याचा अधिकार नव्हता, आणि सगळ्या रचनेचे मर्म तेच होते. कारण ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच मर्जीवर नजर ठेवणाऱ्याची भाकरी अवलंबून असेल, तर ती नजर लवकरच मिटते.

परंतु या रचनेतच तिच्या ऱ्हासाचे बीज होते. शिवछत्रपतींच्या काळी प्रधानपद वंशपरंपरेने चालत नसे. पद राज्याचे, मनुष्य त्यावर काही काळ बसलेला. पुढे राजाराम महाराजांच्या संकटकाळात वतने आणि इनामे मोकळ्या हाताने द्यावी लागली, शाहू महाराजांच्या कारकीर्दीत पदे घराण्यांत स्थिर झाली, आणि दरकदाराला मामलेदारापासून स्वतंत्र ठेवणारी निर्भयता हळूहळू दरकाच्या मालकीत रूपांतरित झाली. राजपत्रे शोधणे हे ज्या सचिवाचे काम, त्या पदाच्या घराण्याकडे भोरचे संस्थान झाले आणि ते १९४८ पर्यंत टिकले. दौलतीचा सचिव केव्हाच नाहीसा झाला होता, पण ‘पंतसचिव’ हा किताब राहिला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परगणेच मक्त्याने दिले जाऊ लागले, आणि मग तपासणीचे नावही उरले नाही.

आता कालाची मोठी उडी घेऊन आपण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत येऊ. तेथे १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा अशी योजना सिद्ध केली, आणि एका घरात अनेक बिऱ्हाडे आली म्हणजे कुलपे लागतात त्या न्यायाने प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ पुरत नाही म्हणून, सगळ्या परवल्यांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. त्याच दशकात एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि सर्वांना दिसणाऱ्या दैनिक सूचनेच्या जागी प्रत्येकासमोर सर्वांच्या परवल्या उमटल्या. किल्ला बांधण्यापूर्वीच फितुरी आली, असा तो प्रकार.

या अनुभवांतून शास्त्र घडत गेले. १९७५ साली जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांत प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, त्याहून कणभरही अधिक नव्हे, इतका अधिकार द्यावा, आणि महत्त्वाचे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडावे, ही दोन तत्त्वे होती. लष्कराची चिंता गुप्ततेची असते, व्यापाऱ्याची चिंता हिशेबाच्या सचोटीची, हा भेद १९८७ साली डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी स्पष्ट केला, आणि कर्तव्यांची विभागणी हा व्यापारी संरक्षणाचा पाया ठरविला. १९९२ साली डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी निर्णायक पाऊल टाकले. तोवर अनेक ठिकाणी अमक्या माणसाला अमकी फाईल अशी थेट जोडणी होती, आणि हजार माणसांच्या कचेरीत तिचा गुंता कोणालाच उलगडत नसे. त्यांनी मध्ये ‘रोल’ आणला. अधिकार रोलला द्यायचे आणि माणसाला रोलवर नेमायचे. माणूस बदलला तर नेमणूक बदलायची, अधिकारांची यादी जागच्या जागी राहते. १९९६ साली रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेच्या पायऱ्या आखल्या, आणि २००४ साली ती अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली. मराठीत या रोलला मी दरक म्हणेन. याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

तत्त्व ठाऊक असून ते पाळले नाही तर काय होते, याचा दाखला १९९५ साली मिळाला. १७६२ पासून चालत आलेली लंडनची बेअरिंग्ज ही बँक सिंगापुरातील निक लीसन या एका माणसामुळे बुडाली. कारण सौदे करणे आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटविणे ही दोन्ही कामे तेथे त्याच्याच हाताखाली होती. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो तोटा लपवीत गेला आणि अखेर हा तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर पोहोचला. आदल्या वर्षीच बँकेच्या अंतर्गत तपासणीने दोन्ही कामे एका हाती असल्याकडे बोट दाखविले होते. परंतु ती विभागली गेली नाहीत, आणि दोन शतकांहून अधिक जुनी ती पेढी एका पौंडाला विकली गेली. आमच्या परगण्यातील साध्या पोतनिसालाही रोजकीर्द आणि थैली एकट्याच्या ताब्यात मिळत नव्हती.

आज आपल्या बँकांत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची, हा शिरस्ता सर्वत्र रूढ आहे. अडचण अधिकार देण्यात येत नाही. ती येते काढून घेण्यात. मनुष्य खरेदी विभागातून हिशेब विभागात जातो, तेथला रोल त्याला पहिल्या दिवशी मिळतो, कारण त्याविना काम अडते. मागला रोल मात्र कोणी काढीत नाही, कारण तो राहिल्याने कोणाचेच काम अडत नाही. अशा चार बदल्या झाल्या म्हणजे मागणी लिहिणे, ती मंजूर करणे, बिल नोंदविणे आणि पैसे देणे या चारही किल्ल्या एका कमरेला येतात, आणि निवृत्त झालेल्याचे नावही यादीत जिवंत राहते. म्हणूनच ज्या संस्था शहाण्या आहेत त्या वर्षातून एकदा तरी ही यादी काढून, कोणाकडे कोणता रोल आणि तो का, हे प्रत्येक विभागप्रमुखाला विचारतात. फडणिसाने वर्षअखेर वह्या हुजुरास नेण्याचाच हा प्रकार आहे.

न काढलेल्या दरकाचे पुढे काय होते, हे पाहण्यास महाराष्ट्रात दफ्तर उघडण्याचीही गरज नाही. कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडावे. त्यात फडणीस आहेत, चिटणीस आहेत, सबनीस, पोतनीस, मुजुमदार आणि कारखानीस आहेत. कोणे एके काळी ही पदे होती. त्यांवर माणसे येत आणि जात. ज्या दिवशी ती परत घेणारे कोणी उरले नाही, त्या दिवसापासून ती आडनावे झाली.