२०४ हा आकडा आला कुठून? शोषखड्ड्याचा इतिहास आणि काष्टीची काळी माती

काष्टी म्हटलं की बहुतेकांना शनिवारचा जनावरांचा बाजार आठवतो. मला आमच्या अंगणातला शोषखड्डा आठवतो. तो मे महिन्यात खणला. गवंड्याने दोन बादल्या पाणी ओतलं, ते बघता बघता जिरलं. "जमीन पाणी पितेय, काळजी नाही," म्हणाला. आमच्या पर्जन्यछायेच्या भागात खरा पाऊस सप्टेंबरात. तो पडला आणि खड्डा तुडुंब भरला, सेप्टिक टँकचं पाणी उलटं फिरून संडासाच्या भांड्यात आलं. घरच्यांनी शेवटी पाइप गटारीला जोडला. गल्लीत बऱ्याच जणांनी आधीच तसं केलेलं होतं.

पुढे याच विषयावर संशोधन करायला घेतलं तेव्हा पहिला प्रश्न हाच होता : चूक खड्ड्याची, मातीची, की दोन बादल्यांच्या चाचणीची?

आधी थोडं मागे जाऊ. मैलापाणी बंद टाकीत साठवलं की त्यातला गाळ खाली बसतो आणि कुजून कमी होतो, हे फ्रान्समध्ये मुरास यांनी दाखवलं आणि १८८१ मध्ये त्याचं पेटंट झालं. 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांनी, १८९५-९६ च्या सुमारास. पण टाकी निम्मंच काम करते. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं. ते गाळायचं काम मातीचं. मग कोणती माती किती पाणी घेईल?

याचं मोजमाप १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातले अभियंते हेन्री रायन यांनी बसवलं. पद्धत साधी. फूटभर रुंद खड्डा घ्यायचा, पाणी भरायचं आणि पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. रायन यांचं खरं काम त्याच्या पुढचं आहे. जिथले शोषचर तुंबले होते किंवा तुंबायच्या बेतात होते, तिथे जाऊन त्यांनी ही चाचणी केली आणि त्या चरांवर रोज किती पाणी पडत होतं याच्याशी ती जोडली. म्हणजे हा नियम सिद्धांतातून आलेला नाही. एका प्रदेशातल्या बिघडलेल्या चरांच्या निरीक्षणातून तो आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर घरांची लाट आली. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने रायन यांचं काम पुन्हा तपासलं आणि १९५७ मध्ये सेप्टिक टँकची पुस्तिका काढली. तिच्यातलं सूत्र असं : दर चौरस फुटाला रोज जास्तीत जास्त ५ गॅलन, भागिले मिनिटांचं वर्गमूळ.

आता आपल्याकडची स्थापत्य अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तकं उघडा. तिथे सूत्र आहे : दर चौरस मीटरला रोज २०४ लिटर, भागिले मिनिटांचं वर्गमूळ. मी बरेच दिवस हा २०४ कोणत्या भारतीय प्रयोगातून आला ते शोधत होतो. एका दुपारी सहज हिशेब केला. ५ गॅलन म्हणजे १८.९ लिटर, एक चौरस फूट म्हणजे ०.०९२९ चौरस मीटर. भागाकार येतो २०३.७. आकडा अमेरिकेचाच, फक्त एककं बदललेली.

आकडा उसना घेणं हा गुन्हा नाही. प्रश्न असा की तो ज्या मातीवर बसवला ती माती आपली नाही. काष्टीच्या आसपासची काळी चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगाही पडतात. गवंड्याचं पाणी मातीत जिरलंच नव्हतं, ते भेगांतून खालच्या मुरमात पळालं होतं. पावसाने भेगा मिटल्या की तीच जागा पाणी घेईना.

समजा, मे महिन्यात इंचभर पाणी उतरायला ४ मिनिटं लागली. सूत्राप्रमाणे १०२ लिटर. घरातून रोज ४०० लिटर पाणी येत असेल तर ४ चौरस मीटर पुरे. पावसाळ्यात तीच वेळ ६४ मिनिटं झाली तर लागतील जवळपास १६ चौरस मीटर. शिवाय आय. एस. २४७० हे भारतीय मानक सांगतं की ६० मिनिटांच्या वर वेळ गेल्यास शोषखड्डा करूच नये, दुसरी सोय करावी. एकच जागा, मे महिन्यात उत्तीर्ण आणि सप्टेंबरात नापास.

अमेरिकन पुस्तिकेला हे ठाऊक होतं. पोकळ्या पाण्याने भरणं वेगळं आणि मातीचा कण फुगणं वेगळं, असं ती बजावते. म्हणून चाचणीआधी खड्डा रात्रभर भिजवायला सांगते. आपल्याकडे आकडा टिकला, भिजवणं मात्र बांधकामावर पोचेपर्यंत गळालं. आणि भेगाळलेल्या काळ्या रानाला एक रात्र पुरेल का, हाही प्रश्न उरतोच.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढची. आपल्याच जिल्ह्यातल्या प्रवरा कालव्याच्या आणि शेजारच्या नीरा उजव्या कालव्याच्या जमिनींचं वर्गीकरण बसू आणि सिरूर यांनी १९३८ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. कोणती जमीन पाणी धरते, कोणती चिबडते, हे तेव्हापासून लिहिलेलं आहे. पण तो अभ्यास उसासाठी. मातीचं ज्ञान शेतकी खात्याच्या कपाटात राहिलं, संडासाचं ज्ञान बांधकामाच्या कपाटात. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, पण त्याच्याच घराचा शोषखड्डा ऐन उन्हाळ्यात तपासला जातो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन. सूत्रात स्थिरांक दिसला की तीन गोष्टी विचारा : तो कुणी मोजला, कोणत्या मातीत, आणि कोणत्या महिन्यात. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण या तीन प्रश्नांतूनच निघालं. आता माझे चाचणीचे खड्डे वर्षातून दोनदा भरले जातात, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस पडून भेगा मिटल्यावर. रचना ठरते ती दुसऱ्या आकड्यावर.