ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ट्रू (म्हणजे खरं) अधिक ट्रू केलं की उत्तर येतं २. नवशिक्याला ही भाषेतली चूक वाटते. पण पायथनमधलं खरं-खोटं मुळात अंकच आहे. त्याला स्वतःचं नाव मिळालं तेही भाषा प्रसिद्ध होऊन दशक उलटल्यावर.

अंकांतल्या या खऱ्याखोट्याच्या कुळाचा मूळपुरुष जॉर्ज बूल. लिंकन गावातल्या बूट बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा बरंचसं गणित आपलं आपण शिकला आणि १८४९ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तर्क बीजगणितासारखा मांडला होता: १ म्हणजे सगळं, ० म्हणजे काहीच नाही. पुढे १९३७ साली एमआयटीतल्या क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की रिले आणि स्विचची मंडलं याच बीजगणिताने सोडवता येतात. खरं-खोटं तारांमध्ये उतरलं, ते अंकांचा हात धरूनच.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने सी भाषा घडवली तेव्हा खऱ्याखोट्यासाठी वेगळा प्रकार ठेवलाच नाही. शून्य ते खोटं, बाकीचा कुठलाही अंक खरा. वेगळा प्रकार सीच्या मानकात आला तो थेट १९९९ साली.

ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत गिदो व्हान रॉसमने डिसेंबर १९८९मध्ये पायथन लिहायला घेतली, ती सी भाषेतच. ‘पाच तीनपेक्षा मोठे का?’ असं विचारलं की सुरुवातीची पायथन १ असं उत्तर द्यायची. पण या भाषेत आणखी एक सोय होती: जे रिकामं, तेही खोटं. रिकामी लिस्ट, रिकामी स्ट्रिंग, शून्य, आणि ‘इथे काहीच नाही’ हे सांगणारं नन, हे सगळे अट तपासणाऱ्या इफसमोर खोटे ठरतात. यादीत काही आहे का हे बघायला लांबी मोजावी लागत नाही, नुसती यादी इफपुढे ठेवली की काम झालं. वाचायलाही ते सुटसुटीत वाटतं. सगळ्या भाषांनी मात्र हा मार्ग धरला नाही. रूबीत शून्यसुद्धा खरा. खोटे फक्त निल आणि फॉल्स.

सुरुवातीच्या पायथनमधली अडचण अशी की फंक्शनने १ परत दिला तर तो मोजणीचा एक की होकाराचा एक, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. जो तो आपापल्या प्रोग्रॅममध्ये ट्रू-फॉल्सची स्वतःची व्याख्या करून घ्यायचा. मार्च २००२मध्ये गिदोने पेप २८५ या प्रस्तावात बूल हा प्रकार मांडला आणि २००३च्या २.३ आवृत्तीत तो रुजला. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून बूलला इंटिजरचाच उपप्रकार केलं. तडजोड होती, पण कामाची होती. दहावीच्या गुणांच्या यादीवर ‘३५ किंवा जास्त’ ही अट लावून येणाऱ्या ट्रू-फॉल्सची बेरीज केली की उत्तीर्णांची संख्या सरळ हातात येते. पायथन २मध्ये तर ट्रूला ०ची किंमत देऊन टाकणंही चालायचं. २००८च्या पायथन ३ने ट्रू आणि फॉल्स हे दोन्ही शब्द राखीव केले.

‘रिकामं ते खोटं’ या नियमाने एका ठिकाणी मात्र खरोखर घात केला. टाइम या प्रकारात मध्यरात्रीची वेळ खोटी ठरत असे, कारण तिचे तास आणि मिनिटं शून्य. अलार्मची वेळ ठरवली आहे का, हे प्रोग्रॅमने नुसत्या इफने तपासलं आणि वेळ बरोबर बाराची असली, तर उत्तर यायचं ‘नाही’. वेळेला टाइमझोन जोडलेला असेल तर जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र धरली जायची. म्हणजे भारतीय प्रमाणवेळेत पहाटेचे बरोबर साडेपाच खोटे! हे वागणं दस्तऐवजात नोंदलेलं होतं, म्हणून ती चूक मानायची की नाही यावरच वाद झाला. पण मध्यरात्र ही रिकामी वेळ नव्हे, ती इतर वेळांसारखीच एक वेळ आहे. जे वागणं कुणाच्याही अपेक्षेत नाही, ते नुसतं नोंदवून ठेवल्याने बरोबर होत नाही. २०१५ साली आलेल्या ३.५ आवृत्तीत ते काढून टाकलं गेलं.

अंकाचं रक्त अजूनही अधूनमधून उसळतं. पूर्णांकाचे बिट उलटवणारं टिल्ड हे चिन्ह ट्रूपुढे लावलं की फॉल्स नव्हे, उणे दोन मिळतात. फॉल्सपुढे लावलं की उणे एक. दोन्ही शून्य नाहीत, म्हणून इफसमोर दोन्ही खरे. नकार द्यायला पायथनमध्ये नॉट आहे, पण इतर भाषांची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. २०२३ची ३.१२ आवृत्ती आता बूलवर टिल्ड वापरणाऱ्याला इशारा देते, आणि पुढे कधीतरी हा वापर बंदच होणार आहे.