'पाव' म्हणजे पाव भाग? : एका चुकलेल्या व्युत्पत्तीची गोष्ट

आज माझीच एक चूक सांगतो. आराखडा लिहिताना तुम्ही ती करू नये म्हणून.

माझा विषय पश्चिम किनाऱ्यावरच्या खाण्याचा इतिहास. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की, मोठ्या लादीचा चौथा हिस्सा म्हणून त्याला 'पाव' म्हणतात. मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "जपानमध्ये पावाला काय म्हणतात, बघितलंस का?" मी गप्प. जपानशी माझा काय संबंध, असंच तेव्हा वाटलं.

आधी मराठीतलेच 'पाव' मोजू. पहिला म्हणजे चौथा हिस्सा. हा संस्कृत 'पाद'वरून आला. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे एक चतुर्थांश. 'सव्वा' म्हणजे मूळचं 'सपाद', पावासकट. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पावाने कमी. म्हणजे या 'पाव'चं अख्खं कुटुंब मराठीत नांदतंय. दुसरा 'पाव' क्रियापदातला : देव पावला, पैसे पावले. त्याचं मूळ संस्कृत 'प्राप्', आणि आपली 'पावती' त्याच घरातली. हे दोन्ही शब्द आज सारखे दिसतात, पण ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत. प्राकृतातून येताना दोघांचेही उच्चार झिजले आणि एकाच जागी येऊन थांबले, इतकंच.

आता तिसरा, खायचा पाव. जपानीत त्याला 'पान' म्हणतात, सिंहलीतही 'पान'. चौथ्या हिश्शाला या दोन्ही भाषांत 'पाव' म्हणत नाहीत. मग माझी व्युत्पत्ती तिथे कशी लागू पडणार? या सगळ्या ठिकाणांना जोडणारा दुवा एकच, पोर्तुगीज. ते श्रीलंकेत १५०५ मध्ये पोचले, गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला, जपानला ते १५४३ मध्ये पोचले. पोर्तुगीजमध्ये या पदार्थाला 'पांव'सारखा नाकातून उच्चारला जाणारा शब्द आहे, आणि त्याचं मूळ लॅटिन 'पानिस'. तो अनुनासिक उच्चार जपानी आणि सिंहलीत 'न' होऊन टिकला, आपल्याकडे झडला. बंगालीतली 'पाउरुटी' आणि हिंदीतली 'पावरोटी' याच शब्दाची. शिवाय शब्द एकटा आला नाही. गोव्यात पाव करणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीजच. पदार्थ, तो करणारा आणि दोघांची नावं, सगळं एकाच वाटेने आलं.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. मलेशियात वाफवलेल्या सारणाच्या बनला 'पाऊ' म्हणतात. मलाक्का पोर्तुगीजांनी १५११ मध्ये घेतलं होतं. उच्चार जुळतो, पदार्थ जवळचा, पोर्तुगीजही हजर. मग हाही आपलाच पाव? नाही! तो चिनी शब्द आहे, 'गुंडाळणे' या अर्थाचा. मुंबईच्या हॉटेलांत आता मिळणारा 'बाओ' तोच. आणि 'बाओझी' हे नाव चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ च्या काळात वापरात होतं. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. इथे तारखांनीच निकाल दिला. हवाईच्या भाषेतही 'पाऊ' आहे, त्याचा अर्थ 'संपलं'. तो निव्वळ योगायोग.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचा एवढा कीस कशाला? कारण चुकीची व्युत्पत्ती निरुपद्रवी नसते. 'पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव' ही दंतकथा तुम्हीही ऐकली असेल. पावाला बाटगं अन्न मानलं जायचं त्या काळाचा वास या गोष्टीला आहे. तिच्यात शब्दाचा इतिहास नाही, पण भट्टीवर राबणाऱ्या माणसांबद्दलची घृणा मात्र आहे. कोणी कुठे पायांनी कणीक मळली असेल किंवा नसेल, शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. संशोधक म्हणून अशी गोष्ट आपण न तपासता उतरवली, तर ती घृणा आपल्या तळटीपेत जाऊन बसते.

तेव्हा कुठल्याही शब्दाला हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा शब्द शेजारच्या आणि दूरच्या भाषांत कोणत्या रूपात आहे? तो एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारी माणसं कोण होती? आणि तारखा जुळतात का? अर्थ छान जुळतो, हा पुरावा नव्हे. उलट, अर्थ फारच छान जुळला की सावध व्हा, कारण लोकव्युत्पत्ती तशीच जन्माला येते. टेबलावर कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' असू द्या, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश असू द्या, आणि पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्याच्याच दालगादोंचा १९१३ चा ग्रंथ. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये आलं.

मी तो परिच्छेद खोडला आणि त्याच्या जागी जे लिहिलं, त्यातून आराखड्याचं एक आख्खं प्रकरण उभं राहिलं.

आता सराव तुमचा. झाडाचं पान, मद्यपानातलं पान आणि जपानी पान. यातलं कोण कोणाचं, हे कोश उघडून पुराव्यासकट वहीत लिहून काढा. अंदाजाने नको.