ज्ञान : मालकीचे की भाड्याचे?

पॅरिस येथे १ सप्टेंबर १६४८ रोजी मिनिम संघाचे संन्यस्त धर्मगुरू फादर मारँ मर्सेन देवाघरी गेले. मठातील त्यांच्या खोलीत निरनिराळ्या ७८ व्यक्तींची पत्रे सापडली. पत्रलेखकांत फर्मा, टॉरिसेली, हायगेन्स अशी गणित व विज्ञान क्षेत्रांतील मातब्बर माणसे होती. कोणी नवा सिद्धान्त मांडला की तो मर्सेन यांना कळवावा, मर्सेन यांनी त्याची नक्कल करून इतरांना धाडावी, आलेले आक्षेप पुन्हा मूळ लेखकाकडे पोचते करावेत, असा हा व्यवहार होता. मर्सेन यांना कळविले म्हणजे युरोपला कळविले, अशी त्या काळची स्थिती होती. या साऱ्या खटाटोपात पैशाची देवघेव नव्हती.

आज जगभरातील विद्वानांचा ज्ञानव्यवहार शोधपत्रिकांतून चालतो आणि त्या पत्रिका आता संगणकाच्या पडद्यावर वाचल्या जातात. मठातील त्या खोलीपासून या पडद्यापर्यंतचा प्रवास आपण समजून घ्यायला हवा. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या कुटुंबांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

पत्रव्यवहाराच्या पद्धतीत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे ती एका व्यक्तीवर विसंबून असे. ती व्यक्ती गेली की धागा तुटे. दुसरी म्हणजे शोध प्रथम कोणी लावला याचा पुरावा राहत नसे. म्हणूनच गॅलिलिओ यांनी १६१० साली शनी ग्रहाविषयीचे आपले निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कूटरूपात कळविले होते. शोध आपल्या नावावर राहावा, परंतु दुसऱ्याच्या हाती लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

१६६५ साली या दोन्ही उणिवांवर उपाय निघाला. जानेवारीत पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे सावाँ’ आणि मार्चमध्ये लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही नियतकालिके निघाली. लंडनच्या पत्रिकेचे संपादक हेन्री ओल्डनबर्ग हे रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. परदेशीयांशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे संशय येऊन १६६७ साली त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवासही भोगावा लागला. पत्रिका त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालविली. तिच्यातून चार पैसे मिळावेत अशी त्यांची अपेक्षा होती. पदरात मात्र फारसे काही पडले नाही. पुढे १७५२ साली सोसायटीने ती पत्रिका आपल्या हाती घेतली. शोधाची तारखेसह नोंद करणे, तो जाणकारांकडून पारखून घेणे, सर्वत्र पोचविणे आणि पुढील पिढ्यांसाठी जपणे, ही शोधपत्रिकेची चार कामे कालांतराने ठरून गेली. कागद, छपाई आणि टपाल यांना खर्च येतो. तेव्हा वर्गणी घेणे न्याय्यच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. सरकारांनी संशोधनावर अफाट पैसा खर्च करण्यास प्रारंभ केला आणि निबंधांचा पूर लोटला. विद्वत्सभांच्या पत्रिका अपुऱ्या पडू लागल्या व व्यापारी प्रकाशक पुढे सरसावले. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ साली हाती घेतलेली पर्गमॉन प्रेस ही प्रकाशनसंस्था १९९१ साली एल्सव्हिअर या कंपनीने ४४ कोटी पौंडांना विकत घेतली. विद्वानांच्या निबंधांना केवढे बाजारमूल्य आले होते, हे या आकड्यावरून ध्यानी यावे.

या व्यवसायाची घडण मोठी विलक्षण आहे. निबंध लिहिणारा प्राध्यापक प्रकाशकाकडून मानधन घेत नाही. निबंध पारखणारा तज्ज्ञही बहुधा विनावेतन काम करतो. त्या दोघांचा पगार व प्रयोगशाळेचा खर्च बव्हंशी जनतेच्या करातून वा देणग्यांतून येतो. मग तोच निबंध विद्यापीठाचे ग्रंथालय प्रकाशकाकडून विकत घेते! शिवाय, एक निबंध दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तांदूळ महागला तर माणूस भाकरीवर भागवील. परंतु कर्करोगावरील निबंध हवा असलेल्याला दुसराच निबंध देऊन कसे चालेल? त्यामुळे किमती वाढतच गेल्या आणि ग्रंथालये एकेक पत्रिका बंद करू लागली.

अशा वेळी संगणक आला. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आपल्या निबंधांच्या प्रती छपाईपूर्वीच एकमेकांना टपालाने पाठवीत असत. श्रीमंत विद्यापीठांतील मोजक्यांना त्या लवकर मिळत. दूरदेशीच्या अभ्यासकाला वाट पाहावी लागे. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी हे निबंध संगणकावर सर्वांना एकाच वेळी मिळतील अशी व्यवस्था केली. पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे भांडार २००१ साली कॉर्नेल विद्यापीठात गेले. २०२२ च्या आरंभी त्यातील निबंधांची संख्या २० लाखांवर पोचली. तेथील निबंध तज्ज्ञांनी पारखलेले असतातच असे नाही. परंतु वाचकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. मर्सेन यांची खोली जणू पुन्हा उघडली होती.

छपाई गेली, टपाल गेले, आता किमतीही उतरतील, असे अनेकांना वाटले. घडले मात्र वेगळेच. १९९६ च्या सुमारास प्रकाशक आपल्या सर्व पत्रिकांचा एकच गठ्ठा बांधून ग्रंथालयांच्या समूहांना देऊ लागले. आरंभी ग्रंथालयांना लाभ झाला. पूर्वी न मिळणाऱ्या शेकडो पत्रिका एकदम मिळू लागल्या. परंतु पुढे त्या गठ्ठ्यातून नको ती पत्रिका वगळणे दुरापास्त झाले.

याहून खोल बदल मालकीचा होता. आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात बांधणी केलेल्या जुन्या अंकांची रांगच्या रांग होती. काही पत्रिकांची वर्गणी पैशाअभावी थांबली होती, तरी आलेले अंक आमचेच होते. वाळवीशिवाय ते कोणी नेऊ शकत नव्हते. संगणकावरील पत्रिकेचे तसे नाही. तेथे ग्रंथालय बहुधा अंक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेते. करारात तशी तरतूद नसेल तर वर्गणी थांबताच मागील अंकांचे दारही बंद होते. घरमालकाचे आपण भाडेकरू झालो. म्हणूनच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एकाच पत्रिकेच्या प्रती अनेक ग्रंथालयांच्या संगणकांवर जपून ठेवण्याची योजना आखली. हस्तलिखितांच्या नकला करून त्या निरनिराळ्या मठांत ठेवणाऱ्या जुन्या संन्याशांनी ती तत्काळ ओळखली असती.

फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, अशी मागणी केली. पुढल्याच वर्षी ‘प्लॉस बायॉलॉजी’ ही पत्रिका निघाली. तिच्यात वाचकाला काही द्यावे लागत नसे. खर्चापोटी लेखकाकडून १,५०० डॉलर घेतले जात. हेतू उदात्त होता. तथापि या मार्गावरही बाजार आला. २०२१ पासून ‘नेचर’मध्ये निबंध सर्वांसाठी खुला करावयाचा तर ९,५०० यूरो आकारले जाऊ लागले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या भोंदू पत्रिकांचेही पीक आले. वाचकापुढील भिंत हटली, तर ती लेखकापुढे उभी राहिली.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि १ कोटी ८० लाखांच्या आसपास विद्यार्थी व अध्यापक, असा तिचा विस्तार आहे. योजना स्वागतार्ह आहे; मात्र पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती ठेवण्यात आली. आमच्या धर्मग्रामातील एक कन्या खाजगी महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वडिलांच्या दुर्मीळ आजारावरील एक निबंध तिला हवा होता. पडद्यावर शीर्षक दिसले, सारांश दिसला आणि त्याखाली डॉलरमधील किंमत. “फादर, दार दिसतं, पण कडी आतून लावलेली आहे,” ती म्हणाली. अखेर तिने मूळ लेखकालाच पत्र लिहिले आणि दोन दिवसांत त्या परक्या संशोधकाने निबंध धाडून दिला, विनामूल्य.

पावणेचारशे वर्षांनंतरही मर्सेन यांची पद्धत जिवंत आहे, याचा मला आनंद झाला. परंतु प्रत्येक मुलीला असा सज्जन लेखक भेटेलच असे नाही. आणि जनतेच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान कोणाच्या सौजन्यावर का अवलंबून असावे? मार्ग नाहीत असेही नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाची ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका लेखकाकडून शुल्क न घेता संगणकावर सर्वांना विनामूल्य वाचावयास मिळत आली आहे. संस्थेने भार उचलला तर भिंत कोणापुढेच उभी राहत नाही.

आपल्या घरातील जी मुले-मुली संशोधनाकडे वळली आहेत, त्यांना माझे एक सांगणे आहे. निबंध प्रकाशकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी करार नीट वाचा आणि नियमात बसेल ती प्रत सर्वांसाठी खुल्या भांडारात ठेवा. मर्सेन यांचा पत्रव्यवहार पुढे सतरा खंडांत प्रसिद्ध झाला. ती पत्रे कोणी तरी जपून ठेवली होती, म्हणूनच हे घडू शकले.