बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल : काडतूस अडकण्याची कारणे व उपाय

हाताने बोल्ट मागे-पुढे करून प्रत्येक वेळी नवे काडतूस भरावयाच्या रायफलीस ‘बोल्ट-अ‍ॅक्शन’ रायफल म्हणतात. भारतातील परवानाधारकांच्या परिचयाची अशी रायफल म्हणजे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. तिची यंत्रणा ली-एनफिल्ड धाटणीची असून मॅगझिनमध्ये पाच काडतुसे मावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. आज अशी रायफल पीकसंरक्षण, स्वसंरक्षण वा नेमबाजीच्या परवान्यावर बाळगली जाते आणि पुष्कळदा महिनोन्महिने कपाटातच असते.

यंत्रणेचे कार्य

बोल्ट पुढे ढकलला की तो मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील चेंबरमध्ये सारतो. काडतूस पूर्ण आत गेल्यावर बोल्टवरील आकडा त्याच्या बुडाची किनार पकडतो. १८९८ च्या माउझर रायफलीत मात्र काडतूस मॅगझिनमधून सुटतानाच आकड्याखाली येते.

तपासणीपूर्वी

नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवावे, बोट खटक्यापासून दूर असावे. मॅगझिन काढून बोल्ट उघडावा आणि चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. चाचणी केवळ डमी काडतुसांनीच घ्यावी.

दोष कोठे आहे?

काडतूस नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते, यावरून कारण उमगते.

*बोल्ट काडतुसावरून निसटतो :* बोल्ट पूर्ण मागे ओढलेला नसणे, मॅगझिन नीट न बसणे, स्प्रिंग थकणे किंवा आत जुने ग्रीस घट्ट होणे.

*टोक चेंबरच्या तोंडाशी आपटते :* मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले असतात, त्यामुळे काडतूस चुकीच्या कोनात वर येते.

*काडतुसे एकमेकांत अडकतात :* ३१५ च्या काडतुसाच्या बुडाची किनार बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची किनार खालच्या काडतुसाच्या किनारीपुढे असावी लागते. ती मागे राहिल्यास दोन्ही अडकतात. मॅगझिन रिकामे करून क्रमाने पुन्हा भरावे.

*बोल्ट मिटत नाही :* चेंबरमध्ये गंज वा वाळलेले तेल असते, अथवा काडतूस चेपलेले असते. पावसाळ्याच्या दमटपणाने पितळेवर हिरवा गंज चढतो. अशी काडतुसे वापरू नयेत. काडतुसांना तेलही लावू नये, कारण त्यामुळे गोळी झाडताना बोल्टवरील दाब वाढतो.

दुहेरी भरणाचा धोका

घाईत बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला, तर आकड्याने न पकडलेले काडतूस चेंबरमध्येच राहते आणि दुसरे त्यामागे येते. अशा वेळी जोर लावल्यास दुसऱ्याचे टोक पहिल्याच्या बुडातील टोपीवर, म्हणजे पेट घेणाऱ्या भागावर, दाबले जाऊन बोल्ट उघडा असतानाच स्फोट होऊ शकतो. म्हणून अडलेला बोल्ट कधीही ठोकून बसवू नये. थांबून मॅगझिन काढावे आणि मगच काडतुसे सोडवावीत.

दुरुस्ती

स्वच्छता, कोरडी साठवण आणि काडतुसांची पाहणी मालकाने करावी. ओठ घासणे, आकडा बदलणे, चेंबर कोरणे ही कामे घरी करू नयेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक-दुरुस्तीच्या व्यवसायास परवाना लागतो. म्हणून काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.