नाण्यातला धातू आणि जमिनीतला आवाज

काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, पिंपरी या पवनाकाठच्या गावांची जमीन गेल्या साठ-सत्तर वर्षांत जेवढी उकरली गेली, तेवढी त्याआधीच्या कित्येक शतकांत गेली नसेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पाठोपाठ शेतांचे प्लॉट, प्लॉटांच्या चाळी आणि चाळींच्या इमारती झाल्या. एवढ्या खोदकामात अधूनमधून जुनी नाणी निघणारच, आणि नाणी निघाली की मेटल डिटेक्टरची चर्चाही सुरू होते. हे यंत्र सोनं शोधतं, निदान जुनं नाणं शोधतं, अशी समजूत पक्की आहे. ती तपासून पाहिली पाहिजे, कारण यंत्राला नाणं कळतच नाही. त्याला कळतो तो धातूचा विद्युत-स्वभाव, आणि तो ठरलेला असतो नाणं पाडलं त्या दिवशी टाकसाळीत. कुठलं नाणं यंत्राला कसं ऐकू येतं याचा हिशेब मांडला, तर आपल्या राज्यकर्त्यांनी पैशात कोणता धातू घातला आणि कोणता काढून घेतला याचाच इतिहास हाती येतो.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातूची वस्तू आली की तिच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र, थोडं मागे रेंगाळत, यंत्राकडे परततं. हे रेंगाळणं किती, यावरून यंत्र आवाज चढा काढायचा की खालचा ते ठरवतं. वस्तू जितकी सुवाहक, जाड आणि मोठी, तितका आवाज चढा. लोखंड या चौकटीत बसत नाही. ते चुंबकीय असल्याने त्याची खूण वेगळीच उमटते आणि बहुतेक यंत्रांत ती गाळून टाकायची सोय असते. या शोधाच्या बालपणीच त्याचा नाण्यांशी संबंध आला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ साली ‘इंडक्शन बॅलन्स’ नावाचं उपकरण दाखवलं. त्याच्या दोन बाजूंना दोन सारखी नाणी ठेवली की कानाला लावलेला टेलिफोन गप्प राही. त्यातलं एक झिजलेलं किंवा खोटं असलं की लगेच आवाज येई. तिथल्या शाही टाकसाळीचे रसायनज्ञ रॉबर्ट्स यांनी ते मिश्रधातूंच्या अभ्यासाला लावलं. दोन वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तसंच उपकरण घेऊन राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला तो फसला, आणि त्याचं एक कारण पलंगातल्या पोलादी स्प्रिंगा असं सांगितलं जातं. ज्या परिसरात दर प्लॉटखाली सळईचे तुकडे, खिळे आणि लेथचा कीस पुरला गेला आहे, तिथे ही अडचण तर पावलोपावली आहे.

आता आपल्या मातीतली नाणी घेऊ. तांब्याची वाहकता शंभर धरली तर चांदीची त्याहून थोडी जास्त, शुद्ध सोन्याची सत्तरच्या आसपास, शिशाची जेमतेम आठ. सातवाहनांनी जुन्नर-नाशिकच्या या मुलखात चांदीबरोबर शिशाची आणि हिणकस मिश्रधातूची नाणी मोठ्या प्रमाणावर चालवली. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे शिशाचं नाणं इतिहासाच्या दृष्टीने अनमोल, पण यंत्राला ते चुरगळलेल्या चांदीच्या वर्खाच्या आसपासचं वाटतं. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. शिवराई हे गरिबाच्या कनवटीचं नाणं, पण तांब्याची जाड चकती असल्याने तिचा आवाज चांदीच्या रुपयाच्या जवळपास चढा येतो. होन मात्र सुमारे पावणेतीन ग्रॅमचा, बोटाच्या टोकाएवढा. त्याचा आवाज मधल्या किंवा खालच्या पट्टीत, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या कपट्यांच्या शेजारी पडतो. सोन्यात थोडं तांबं मिसळलं की वाहकता झपाट्याने उतरते, त्यामुळे बावीस कॅरटचं नाणं शुद्ध मोहरेपेक्षा आणखी खाली जातं. बाजारात लाखमोलाचं नाणं यंत्राला हलकं, आणि पैशाच्या मोलाचं नाणं भारी! पेशवाईत चिंचवडलाही टाकसाळ होती, आणि ठिकठिकाणच्या रुपयांचा कस वेगवेगळा असल्याने सराफ बट्टा कापून घेत. त्यासाठी त्यांच्याकडे कसोटी होती, काटा होता आणि नाणं वाजवून पाहणारा कान होता. या तिन्ही परीक्षा नाणं हातात असल्यावरच्या आहेत. जमिनीखालच्या वस्तूला त्यांतली एकही लागू करता येत नाही, आणि डिटेक्टर त्यांची जागा घेत नाही.

खरी गंमत विसाव्या शतकात आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही तिथेच आहे. १८३५पासून चालत आलेला कंपनी सरकारचा आणि नंतर राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. महायुद्धाच्या धामधुमीत १९४०मध्ये चांदी निम्म्यावर आणली गेली, तिच्यात तांबं, निकेल आणि जस्त आलं. १९४७ साली रुपया आला तो सरळ निकेलचा. वजन तेच ठेवलं, पण चांदीचा एक कणही उरला नाही, आणि निकेल लोहचुंबकाला चिकटतं, म्हणून यंत्राच्या दृष्टीने नाणं एका झटक्यात दुसऱ्या जातीचं झालं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणेपद्धत आली तेव्हा नवा पैसा कांस्याचा होता. साठच्या दशकात तांबं आणि निकेल परवडेनासं झालं, आणि एक, दोन, तीन, पाच पैसे अ‍ॅल्युमिनिअमचे झाले. सव्वा ग्रॅमचं षटकोनी तीन पैसे ज्यांनी हाताळलं त्यांना त्याचा हलकेपणा आठवत असेल. १९७५पासून रुपयात तांबं-निकेलचा मिश्रधातू आला. तांबं पाऊण भाग असूनही या मिश्रणाची वाहकता शुद्ध तांब्याच्या विसाव्या हिश्श्यावर येते. १९९२मध्ये रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. म्हणजे लोखंड गाळून टाकायला लावलेलं यंत्र गेल्या तीन दशकांतल्या रुपयावरून मुकाट्याने पुढे जाऊ शकतं. कधी उलटही होतं: सपाट पोलादी चकती सोड्याच्या बाटलीच्या झाकणाप्रमाणे यंत्राला चकवते आणि भलताच चढा आवाज काढते. काळेवाडीच्या एकाच प्लॉटात राणीछाप रुपया, १९४७चा रुपया आणि २००० सालचा रुपया पडलेले असतील, तर दर्शनी मूल्य एकच असूनही यंत्र तिघांना तीन वेगळ्या वस्तू समजेल. लोकांनी ‘रुपया’ म्हणून विश्वासाने जे स्वीकारलं त्यातलं धातूचं तारण राज्यसंस्थेने टप्प्याटप्प्याने काढून घेतलं, आणि फक्त शिक्क्याचा भरवसा ठेवला. दप्तरात हा बदल कायदे आणि अधिसूचनांच्या भाषेत आहे. यंत्र तोच बदल आवाजाच्या पट्टीत दाखवतं. कागदावर विश्वास न ठेवणाऱ्यालाही तो मान्य करावा लागतो, म्हणून मला हा पुरावा मोलाचा वाटतो.

यावर जाणकार म्हणतील की आजची यंत्रं एकाच वेळी अनेक कंप्रता वापरतात, पडद्यावर आकडा दाखवतात, आणि सरावलेला माणूस त्या आकड्यावरून नाणं ओळखतो. वाळूच्या किनाऱ्यावर, ठरावीक काळातल्या ठरावीक नाण्यांबाबत, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण तो आकडा ‘अमुक नाणं’ असं सांगत नसतो. तो वाहकता, आकार आणि जाडी यांचं एकत्रित फळ असतो, आणि त्या तिघांच्या वेगवेगळ्या मेळातून तोच आकडा निघू शकतो. नाणं आडवं असलं तर एक आकडा, काठावर उभं असलं तर दुसरा. शिवाय आपली जमीन बेसॉल्टची. दख्खनच्या या काळ्या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं आहेत, त्यामुळे जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देते आणि खोलावरच्या वस्तूचा क्षीण आवाज त्यात बुडतो. यात कारखान्यांचं लोखंड मिसळलं की सरावलेल्या कानालाही अंदाजच बांधावा लागतो.

या अंदाजाचं एवढं का मनाला लावून घ्यायचं? कारण नाण्याचा इतिहास एकट्या नाण्यात क्वचितच असतो. तो साठ्यात असतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची सव्वातेरा हजारांच्या घरात चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. त्यातली शंभर नाणी सुटी विकली गेली असती तर शंभर संग्रहांत शंभर सुंदर नाणी राहिली असती. सगळा साठा एकत्र होता म्हणूनच पराभूत राजाचा पैसा विजेत्याने किती मोठ्या प्रमाणावर आपला करून घेतला ते दिसलं. पुण्याचे गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४०च्या दशकात तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी एकेक करून काट्यावर तोलली. नाणं जितका काळ हातोहात फिरतं तितकं झिजतं. पण एका नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही, शेकडो नाण्यांच्या सरासरीवरून काळाचा क्रम लागतो. कोसंबींची ही पद्धत उभी आहे ती साठा अखंड असण्यावर. आवाज आला तिथे खड्डा करून एक नाणं उपटणारा माणूस नेमका हा पाया काढून घेतो.

याच औद्योगिक पट्ट्यातलं उदाहरण समोर आहे. डिसेंबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखलीतल्या बांधकामाच्या खोदकामात निघालेली २१६ सोन्याची नाणी आणि कांस्याच्या भांड्याचा तुकडा ताब्यात घेतला. नाण्यांचं वजन २,३५७ ग्रॅम होतं. भागाकार केला तर एक नाणं सरासरी १०.९ ग्रॅमचं येतं, म्हणजे मोगल मोहरेच्या वजनाशी तंतोतंत जुळणारं. तेवढ्या एका आकड्याने नाण्यांच्या कूळ-वर्गाचा अंदाज बांधता येतो, आणि तो आकडा मिळाला कारण नाणी एकत्र हाती आली. पण ती जमिनीतून निघाली तेव्हा कुणी खोली मोजली नाही, भांडं कशा थरात होतं ते पाहिलं नाही. हा दोष मजुरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पायाच्या खड्ड्यात राबणाऱ्या माणसाला असं काही सापडलं तर काय करावं हे कधी कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्लंडचा दाखला देऊन डिटेक्टरवरच्या या आक्षेपाचा प्रतिवाद करता येतो, आणि तो भक्कम आहे. तिथे हौशी डिटेक्टरवाल्यांनी इतिहासाच्या ज्ञानात मोठी भर घातली आहे. पण ती भर यंत्रामुळे पडली असं म्हणणं अर्धसत्य ठरेल. १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टनंतर १९९७पासून सापडलेल्या वस्तूची जागेसह नोंद करणारी योजना तिथे सुरू झाली, आणि ज्ञान वाढलं ते त्या नोंदींतून. आपल्याकडचा गुप्तधनाचा कायदा १८७८चा, म्हणजे ह्यूजच्या उपकरणाहून एका वर्षाने थोरला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, त्यात वस्तूचं स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख द्यायची, असं तो सांगतो. मालक पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश वाटा देण्याची तरतूदही त्यात आहे. कळवणाऱ्याचं नुकसान व्हावं अशी त्याची रचना नाही. त्याची मर्यादा वेगळी आहे. नांगराला किंवा कुदळीला अवचित काही लागेल, एवढंच त्या कायद्याने गृहीत धरलं. शोधायलाच निघालेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि जागेचा रकाना असूनही खोलीचा नाही. महापालिका बांधकाम परवान्यासोबत अटींची लांबलचक यादी देतेच. पायाच्या खोदकामात नाणी किंवा भांडं निघालं तर काम तिथेच थांबवून खोली मोजावी, जागेवर फोटो घ्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, आणि कळवणाऱ्या मजुराचा कायद्यातला वाटा त्याला समजेल अशा भाषेत साइटवरच्या फलकावर लिहावा, ही अट त्या यादीत घालायला नवा कायदा लागत नाही.